न मांडलेली झिरी

ते पान पडद्यावर उघडलं तेव्हा मला वाटलं, फाइल अर्धवट आलीय. डाव्या कडेला एक नाला, वरच्या कोपऱ्यात दोन खेडी, खालून जाणारी एक गाडीवाट, आणि मधे जवळजवळ काहीच नाही. तपकिरी रंगातल्या उंचीच्या रेषा तेवढ्या होत्या, त्याही एकमेकींपासून लांब लांब, कारण जमीनच फारशी चढउताराची नाही. या नकाशांवर शेतीला पिवळा रंग देतात, जंगलाला हिरवा. इथला मधला भाग पांढराच होता.

इंदूरच्या भंवरकुआं भागात चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खालच्या तीन मजल्यांवर कोचिंग क्लास. लिफ्ट सतत मुलामुलींनी भरलेली, म्हणून मी जिन्यानेच जाते. आमचं काम जुने सरकारी नकाशे कॉम्प्युटरवर चढवण्याचं. कागद स्कॅन होऊन येतो, त्याचे चार कोपरे पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवायचे आणि मग माउसने एकेक रेघ गिरवायची. रस्ता वेगळा, नाला वेगळा, विहीर वेगळी. मी बार्शीकडची. पुण्यात हे काम शिकले आणि सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंदूरला आले. शहराच्या पानाला तीन आठवडे लागतात. हे पान आमच्या सरांनी मला दिलं ते 'दोन दिवसांचं काम' म्हणूनच.

धारच्या पुढे आणि झाबुआच्या अलीकडे जो गवताळ प्रदेश आहे, त्यातलं ते पान. अशा गवताच्या माळाला इकडे बीड म्हणतात. मला बीड म्हणजे आमच्याकडचा एक जिल्हा, त्यामुळे सुरुवातीला मजा वाटायची. या बीडांमध्ये माणसं कायमची राहत नाहीत. गुरं घेऊन येतात, गवत आहे तोवर डेरा टाकतात, पुढे जातात. साठ वर्षांपूर्वी सर्वेक्षण झालं तेव्हाही तसंच होतं. आता त्यातल्या एका मोठ्या बीडावर सौर ऊर्जेचा प्रकल्प येणार होता आणि ती जमीन पूर्वी कशासाठी वापरात होती हे जुन्या नकाशावरून बघायचं होतं. नकाशावर वाट, पाणी, वस्ती काहीच नसेल तर जमीन वापरात नव्हती असं धरतात. फाइलबरोबर एक अर्जही जोडलेला होता. तिथल्या गुरंवाल्यांनी केलेला. त्यांचं म्हणणं, बीडाच्या मध्यावर टेकडीच्या पायथ्याशी एक झिरी आहे, खडकातून बारा महिने पाणी झिरपतं, आणि त्यांचे आजे-पणजे तिथेच गुरं पाजत आले.

मी पान मोठं करून करून बघितलं. निळ्या रंगाचा एक ठिपकासुद्धा तिथे नव्हता.

सरांना विचारलं. ते पक्के इंदुरी, आवाज न चढवता बोलतात. म्हणाले, "जो कागज़ पे है, वही बनाना है." त्यांचं बरोबरच होतं. जुन्या नकाशात आपल्या मनाने भर घालायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम.

मी राजेंद्र नगरमध्ये एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली मालक, काका आणि काकू. काकांच्या आजोबांनी इथल्या गिरणीत कारकुनी धरली तेव्हापासून घराणं इंदूरचं. ब्याऐंशी वर्षांचे काका ताठ चालतात, त्यांचं मराठी इकडच्या माळव्याच्या चालीवर चालतं, निम्मं हिंदी मिसळलेलं. नकाशाच्या खात्यात नोकरी केली एवढं मला माहीत होतं. त्या नोकरीच्या गोष्टी ते खूप सांगत. वाघ दिसल्याची, उंटावरून पडल्याची, एका संस्थानिकाकडच्या जेवणाची. काकूंना सगळ्या पाठ होत्या आणि काका कुठे चुकले की त्या स्वयंपाकघरातून दुरुस्त करत.

त्या संध्याकाळी मी खाली चहाला बसले होते. बोलता बोलता त्या कोऱ्या पानाचं सांगितलं. वरच्या कोपऱ्यातल्या दोन खेड्यांची नावं सांगितली. काकांनी कप बशीत ठेवला. विचारलं, खालून गाडीवाट जाते का, आणि ती मधेच एका जागी पूर्वेला वळते का. मी हो म्हटलं.

"ते पान माझं आहे बेटा," ते म्हणाले. "मतलब, मीच केलं ते. दिवाळीनंतर गेलो आणि होळीला परत आलो."

मला आनंद झाला. आपण रोज ज्यांच्या रेघा गिरवतो ती माणसं कधी भेटत नाहीत. मी उत्साहाने अर्जाचं सांगितलं, झिरीचं सांगितलं, आणि म्हटलं की तुम्ही चार महिने तिथे होतात म्हणजे तुम्हाला नक्की ठाऊक असेल, तिथे पाणी होतं की नव्हतं. काका उठले आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट त्यांनाही पाठ नव्हती.

दोन दिवस काका माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना त्यांनी फाटकाशी थांबवलं आणि म्हणाले, आज सुट्टी टाक. मी टाकली. मग त्यांनी सगळं सांगितलं. मधे मधे थांबत होते, पण काही वगळलं असं वाटलं नाही.

तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. बरोबर चार खलाशी, म्हणजे मोजणीचे मदतनीस, एक तंबू, दोन बैलगाड्या. काम प्लेन टेबलवर. तीन पायांवर लाकडी फळा बसवायचा, त्यावर कागद ताणायचा, धातूच्या पट्टीतून लांबच्या टेकडीवर नेम धरायचा आणि त्या रोखाने पेन्सिलने रेघ ओढायची. अशा तीन रेघा जिथे मिळतात तिथे आपण उभे आहोत. ती जागा सुईने टोचून पक्की करायची. बीडात अडचण अशी, की नेम धरायला काही नसे. सगळीकडे कमरेएवढं गवत, एकसारखं. खलाशाला झेंडा देऊन मैलभर पाठवलं तर तो गवतात दिसेनासा व्हायचा. पाणी पाच कोसांवरून गाडीने आणायचं. जानेवारीत एक गाडी मोडली, दोन दिवस पाणी आलं नाही, आणि त्यातच काकांना हिवताप चढला.

खलाशांनी त्यांना उचलून जवळच्या डेऱ्यावर नेलं. गुरंवाल्यांच्या त्या डेऱ्यावर ते नऊ दिवस पडून होते. त्यांनी ताक पाजलं, कसला तरी कडू काढा पाजला, ओल्या कापडाने अंग पुसलं. ताप उतरल्यावर काकांच्या ध्यानात आलं, इतकं पाणी यांच्याकडे येतं कुठून? डेऱ्याचा म्होरक्या त्यांना घेऊन गेला. टेकडीच्या पायथ्याशी खडकात एक फट होती. तिच्यातून बोटाएवढी धार येत होती आणि खाली दगडात कोरलेल्या कुंडीत साचत होती. कुंडीची कड गुरांच्या गळ्यांनी घासून गुळगुळीत झालेली.

काकांनी लगेच फळा मांडला. तीन टेकड्यांवर नेम धरला, रेघा ओढल्या, सुई टोचली. म्होरक्या बाजूला बसून बघत होता. त्याने विचारलं, हे काय केलं. काकांनी अभिमानाने सांगितलं की आता हे पाणी सरकारी नकाशावर आलं. छापलं जाईल, दिल्लीपर्यंत जाईल.

 म्होरक्याने सांगितलं, की उत्तरेकडच्या बीडातही त्यांचं असंच एक पाणी होतं. एक साहेब येऊन ते लिहून घेऊन गेला. दोन वर्षांत तिथे विहिरी खोदल्या गेल्या, बाहेरून लोक आले, नांगर फिरला, आणि यांच्या गुरांना कुंपणाबाहेर काढलं. त्याने काकांचे पाय धरले नाहीत, गयावया केली नाही. एवढंच म्हणाला की तुम्ही नऊ दिवस हेच पाणी प्यायलात.

"मग मी खोडरबर काढलं," काका म्हणाले. "सुईचं भोक नाही गेलं. रेघा गेल्या."

पुढे महिन्याभराने वरचे साहेब तपासणीला आले, त्या भागातून घोड्यावरून गेले. गुरंवाल्यांनी डेरा आधीच हलवला होता आणि झिरीवर बाभळीचे काटे रचले होते. साहेबांना काही दिसलं नाही. त्यांनी पान पास केलं. अशा ओसाड जागी पाणी नसणं कोणालाच खटकलं नाही.

मी ऐकत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो कौतुकाचा. काकांच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही नव्हतं. ते म्हणाले, साठ वर्षं मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, कारण खात्याशी बेइमानी होती. पण मनात मला ती आवडायची. वाटायचं, सगळ्या नोकरीत एक काम तरी मी माणूस म्हणून केलं. आणि आज तू सांगतेस की त्यांच्याच नातवंडांना कागद दाखवून सांगतायत, तुमचं पाणी कधी नव्हतंच.

"तो कागद मी दिला ना त्यांना," ते म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी इतकंच म्हटलं, की मग जाऊन या.

जायचं ठरल्यावर काकांच्या अंगात वेगळंच बळ आलं. मी म्हणत होते की माझ्या फोनवर जागा अचूक मिळते, ऑफिसचं यंत्र तर हातभर अंतराचाही फरक दाखवतं. ते त्यांना मान्य होतं, पण त्यांना स्वतःच्या पद्धतीनेही जागा काढायची होती. सियागंजच्या बाजारात जाऊन त्यांनी प्लायवूडचा चौकोन कापून घेतला, एका दुकानदाराशी अर्धा तास वाद घालून पितळेची सरळ पट्टी मिळवली, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर फळा बसवायची व्यवस्था एका सुताराकडून करून घेतली. सरांना मी फक्त एवढंच सांगितलं की जागा बघायला जातेय. ते म्हणाले, रविवारी जा.

डिसेंबरातल्या रविवारी पहाटे निघालो. मी गाडी चालवत होते. धारपर्यंत काका बोलत होते, धारनंतर लांबच्या टेकड्या ओळखायला लागले. पक्का रस्ता संपल्यावर शेतं होती, सोयाबीन काढून गहू पेरलेली. मग तीही संपली आणि माळ सुरू झाला. गवत कापून त्याच्या गंजी रचलेल्या होत्या. लांबवर सिमेंटचे छोटे खांब एका ओळीत रोवलेले दिसत होते, प्रकल्पाची हद्द.

अर्जावर ज्याची सही होती तो माणूस गाडीवाटेवर मोटरसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा, अंगात जाड स्वेटर. मी त्याला फोनवर सांगितलं होतं की नकाशा करणारे गृहस्थ बरोबर येतायत. त्याने काकांना नमस्कार केला नाही. काकांनीच त्याला त्याच्या बोलीतून, अडखळत, जे केलं होतं ते सांगितलं. तिथेच, रस्त्यावर उभं राहून. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तो मिटाया आपने."

काका म्हणाले, "हाँ."

मला मधे बोलावंसं वाटत होतं. तुमच्याच म्होरक्याने सांगितलं म्हणून त्यांनी तसं केलं, असं काहीतरी. पण काका काही बाजू मांडत नव्हते, तेव्हा मीही गप्प बसले. त्या माणसाने मोटरसायकल चालू केली आणि हाताने मागून या अशी खूण केली.

डेऱ्यावर चार-पाच झोपड्या होत्या, ताडपत्रीच्या. त्याची आत्या खाटेवर उन्हात बसली होती, सत्तरीच्या जवळपासची. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने काकांकडे मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, तीन पायांचा पाट कुठाय? काकांनी गाडीतून तिकाटणं आणि फळा आणून दाखवला. ती हसायला लागली.

ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. म्होरक्याची मुलगी. तापलेल्या साहेबाला ताकाचा लोटा नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. तिने माझ्याकडे वळून सांगितलं, "यो आई-आई करतो थो." तापात हा सारखा आई, आई म्हणायचा. आम्हाला वाटलं कोणा देवीचं नाव घेतोय. मग एका खलाशाने सांगितलं की यांच्या भाषेत माँला आई म्हणतात, तेव्हा माझी आई त्याच्या उशाशी जाऊन बसली.

काका खाली बघत होते. त्यांच्या गोष्टींमध्ये वाघ होता, उंट होता. हे कधी नव्हतं.

भाच्याने तिला सांगितलं की यांनीच पाणी लिहिलं नाही. तिला ते ठाऊकच होतं. तिचे वडील मरेपर्यंत सांगत, की त्या नक्शावाल्याने शब्द पाळला. चाळीस वर्षं कोणी आलं नाही. ती म्हणाली, तेव्हा नाही मांडलं ते बरोबर केलं, आता मांडा. तिच्या लेखी त्यात काही अवघड नव्हतं. भाचा तोंड फिरवून उभा राहिला.

झिरी तिथून वीस मिनिटांवर. काकांनी कोणाचा हात धरला नाही. खडकातली फट होती, खालची कुंडीही होती. धार बोटाएवढी राहिली नव्हती, ओघळ येत होता, पण कुंडी भरलेली होती आणि कडेच्या चिखलात गुरांच्या खुरांचे ताजे ठसे होते. काकांनी ओंजळीत पाणी घेतलं, प्यायले, आणि कामाला लागले.

फळ्यावर त्यांनी मी छापून आणलेली त्या पानाची प्रत ताणून चिकटवली. फळा सपाट बसला की नाही ते बघायला कुंडीतलं पाणी बाटलीत घेऊन ती आडवी ठेवली. मग पितळेच्या पट्टीवरून एक डोळा मिटून पहिल्या टेकडीवर नेम.  दुसऱ्या टेकडीवर आता मोबाइलचा टॉवर होता, तो त्यांना आवडला, म्हणाले नेम धरायला सोपं झालं. तिसरी टेकडी त्यांना दिसेना. भाचा इतका वेळ लांब उभा होता. तो जवळ आला, वाकला, पट्टीच्या रेषेत बघितलं आणि काकांचा हात धरून ती किंचित डावीकडे सरकवली. काकांनी रेघ ओढली.

तीन रेघा एका जागी मिळत नाहीत, त्यांचा छोटा त्रिकोण होतो. काका म्हणाले, त्रिकोण मोठा आला की आमचे साहेब फळा फेकून द्यायचे. हा त्रिकोण ज्वारीच्या दाण्याएवढा होता. त्याच्या मध्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून सुई काढून टोचली. मी यंत्रावरून जागा काढली आणि कागदावर मोजली. दोन्हींत कागदावर दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता, म्हणजे जमिनीवर शंभर मीटरच्या आत. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "हात बिघडला आता. आधी इतका पण नव्हता येत."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, की तू आता हा ठिपका टाकशील ना. मला नाही म्हणावं लागलं. जुन्या पानावर नाही टाकता येणार. ते पान जसं छापलं गेलं तसंच राहिलं पाहिजे. आज मी एक खरी गोष्ट घातली, तर उद्या दुसरं कोणी खोटी घालेल आणि दोन्ही सारख्याच दिसतील.  काका म्हणाले, बरोबर आहे. मग घाटाबिल्लोदच्या आसपास चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, मग मला लिहावं लागेल.

त्यांनी हिंदीत दोन पानं लिहिली. मी टाइप करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. कोणत्या साली, कोणत्या कामावर, पाणी कुठे बघितलं, का वगळलं, कोणाच्या सांगण्यावरून. शेवटची ओळ अशी होती, की हा दोष माझा आहे आणि त्याचा त्रास त्या लोकांना होऊ नये. नोटरीसमोर सही करताना त्यांनी आधी रिकाम्या कागदावर दोनदा सराव केला.

मी ऑफिसात जुनं पान होतं तसं गिरवून पूर्ण केलं, मधला भाग पांढरा ठेवून. त्याबरोबर दुसरा वेगळा नकाशा केला. त्यात झिरी, कुंडी, गुरांच्या वाटा, डेऱ्यांच्या जागा, आणि प्रत्येकापुढे ती कोणी दाखवली आणि मी कधी बघितली ते. सरांनी आधी नाही म्हटलं. आपल्याला हे काम सांगितलेलं नाही, असं ते म्हणाले, आणि खरंच सांगितलेलं नव्हतं. मी काकांचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, हे गृहस्थ खरंच जाऊन आले का, या वयात. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा नकाशा स्वतःच्या सहीने परिशिष्ट म्हणून जोडला.

फेब्रुवारीत सुनावणी होती, तहसील कचेरीत. काकूही आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, लग्नाला आल्यासारख्या. आत्याचा भाचा आणि त्याच्या बिरादरीतली दहाबारा माणसं मागे उभी. अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी काकांना खुर्ची द्यायला सांगितली, पत्र वाचलं आणि विचारलं, की म्हणजे तुम्ही सरकारी सर्वेक्षणात चुकीची माहिती दिलीत?

"गलत नहीं दी, मॅडम. अधूरी दी. जानबूझकर."

त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही लपवलंत असं तुम्हीच म्हणता. मग आज जे सांगताय ते खरं कशावरून मानू? प्रश्न रागाने विचारला नव्हता. तो योग्यच होता. काका उभे राहिले.

"मत मानिए," ते म्हणाले. "जाकर देख लीजिए. पानी वहीं है."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर काकूंनी काकांच्या कोटाची कॉलर सरळ केली. भाच्याने सगळ्यांसाठी चहा सांगितला. काकांच्या हातात पेला त्याने स्वतः आणून दिला.

बाई खरंच जाऊन बघून आल्या, असं आम्हाला नंतर कळलं. निकाल आला तो अर्धामुर्धा. झिरी, टेकडी आणि तिथवर जाणारा एक रुंद पट्टा प्रकल्पातून वगळला. बीडाचा मोठा भाग मात्र गेला. भाच्याने मला फोनवर सांगितलं, की पाणी राहिलं पण चरायला गवत निम्मं उरलं, गुरं विकावी लागणार. आभार मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. मी खाली जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, निम्मं. मग पुन्हा म्हणाले, निम्मं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

माझ्या मनात पुष्कळदा येतं, की काकांनी तेव्हा ठिपका ठेवला असता तर काय झालं असतं. म्होरक्या म्हणत होता तसंच झालं असतं बहुतेक. पाच-दहा वर्षांत नांगर फिरला असता आणि आज अर्ज करायलाही कोणी उरलं नसतं. की पाणी कागदावर आहे म्हणून सगळं बीड वाचलं असतं? काका आणि मी यावर अनेकदा बोललो आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी पोचलो. आत्याचं म्हणणं मला सर्वांत पटतं, पण ते पचायलाही सर्वांत अवघड आहे. एकच गोष्ट एका वेळी लपवणं बरोबर असतं आणि पुढे कधीतरी दाखवणं बरोबर असतं. ती वेळ बदलली हे ठरवायला मात्र ज्याने लपवलं तो जिवंत असावा लागतो. इतर किती पानांवर असं लपवणारा माणूस आज उरलाच नसेल.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा एकदा गेलो, काका, काकू आणि मी. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे काळ्या काचांच्या रांगा, आकाशाकडे तोंड करून. मधल्या पट्ट्यातून गुरं जात होती. पूर्वी ती माळभर पसरत असतील, आता एका ओळीत चालत होती, आणि एखादी गाय थांबली की मागच्या सगळ्या थांबत. भाचा पुढे होता. त्याने आम्हाला पाहून हात वर केला. काकूंनी पिशवीतून डबा काढला, आत्यासाठी लाडू आणले होते. काका कुंपणाच्या तारेला हात लावून उभे राहिले आणि मोठ्याने गुरं मोजायला लागले. चाळीसपर्यंत मोजली, मग धूळ उडाली आणि मोजणी चुकली, तशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.